रिकाम्या फाइली

१

खालच्या मजल्यावर एम्ब्रॉयडरीची मशिनं सुरू झाली की आमच्या ऑफिसची जमीन थरथरायला लागते. टेबलावर कप ठेवला तर चहात गोल कड्या उमटतात. सुरतेत पर्वत पाटियाला ज्याने दिवस काढलेत त्याला हे वेगळं सांगायला नको. मी रोज त्या थरथरीतच कॉम्प्युटर चालू करते, शोधायचा शब्द टाइप करते आणि उत्तराची वाट बघत बसते.

वाट बघणं मला जमत नाही. आई म्हणते, मयुरी, तू उकळी यायच्या आधीच चहा गाळतेस. खरं आहे. पण या शहरात लोकांना वाट बघायला लावणं हा काही जणांचा धंदाच आहे, आणि त्या धंद्याशी माझं भांडण आहे. इंजिनियरिंग संपल्यावर बंगळुरूची नोकरी नाकारून मी कामगारांच्या या हेल्पलाइनवर आले ती त्याचसाठी.

हेल्पलाइनचं काम साधं आहे. डाइंग मिलमधले, लूमवरचे, मार्केटमधले कामगार फोन करतात. कुणाचं बोट मशिनीत गेलेलं असतं, कुणाला ठेकेदाराने कोंडून ठेवलेलं असतं. प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. एक यंत्र ते बोलणं अक्षरांत उतरवतं आणि त्याची एक फाइल करून आमच्या कॉम्प्युटरवर टाकतं. एक फोन, एक फाइल. अशा कित्येक वर्षांच्या लाखो फाइली. मूळ आवाज मात्र आमच्याकडे नसतो. तो दूरच्या एका कंपनीच्या मशिनीवर असतो, आणि हवा असेल तर फाइलीचा नंबर देऊन एकेक मागवावा लागतो.

त्या कंपनीशी आमचा करार त्या दिवशी संपत होता. सकाळीच हेल्पलाइनचा नंबर बंद झाला. संध्याकाळी ऑफिस बंद होण्याच्या सुमारास सगळे आवाज पुसले जाणार होते. सगळे उतरवून घ्यावेत तर आमच्या इंटरनेटला महिने लागले असते.

आणि त्या लाखो आवाजांत कुठेतरी वाल्मिकचा आवाज होता.

वाल्मिक इच्छापोरकडच्या एका डाइंग मिलमध्ये होता. दिवाळीच्या आधी तो नाहीसा झाला. त्याची बायको चंचल लिंबायतला राहते, घरी बसून साड्यांचे धागे कापते. तिचं म्हणणं एवढंच होतं, की घाण पाण्याची टाकी साफ करायला तिथे माणसांना दोराशिवाय उतरवतात, हे सांगायला वाल्मिकने मिलमधूनच कुणाच्या तरी मोबाइलवरून आम्हाला फोन केला होता. मिल म्हणत होती की असं काही नाही. टाकीत त्या दिवशी कुणी उतरलंच नाही. वाल्मिक काम सोडून गेला. गेटवरच्या वॉचमनला 'येतो' म्हणाला आणि गेला. वॉचमनने तसं लिहून दिलं होतं. सोमवारी सुनावणी होती. आमच्याकडे काहीच नव्हतं.

तो एक फोन सापडला असता तर काहीतरी असतं.

२

"तुझ्या त्या शोधाला किती वेळ लागेल?" रजनीताईंनी विचारलं. हेल्पलाइन त्यांचीच. आधी शाळेत शिकवायच्या. खडूची सवय अजून गेलेली नाही, बोलताना दोन बोटं चोळत असतात.

"जुन्या स्क्रिप्टने? पुढच्या आठवड्यात कधीतरी."

"मग संपलंच. पती गयुं."

"नव्या स्क्रिप्टने चहा पिऊन होईपर्यंत."

"मग ही नवी आधी का नाही लिहिलीस?"

जुनी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगणारी यादी, मी इथे आल्याआल्या घाईत लिहिली होती. ती एक फाइल उचलायची, तिच्यासाठी शोधणारा प्रोग्रॅम सुरू करायची. तो ती फाइल वाचून बंद व्हायचा. मग दुसरी फाइल, पुन्हा नवा प्रोग्रॅम. गोदामातून कापडाचे ताके आणायचेत, आणि प्रत्येक ताक्यासाठी नाक्यावरून नवा हमाल बोलवायचा, त्याला जिना दाखवायचा, एक ताका उचलून झाला की घरी पाठवायचा, असला तो कारभार. वेळ उचलण्यात जात नाही, बोलावण्यात आणि पाठवण्यात जातो.

नव्या स्क्रिप्टमध्ये मी हमाल कमी केले आणि गठ्ठे मोठे. एकाने नुसती फाइलींची नावं गोळा करायची. दुसऱ्याने ती हजारोंनी बांधून शोधणाऱ्यांच्या हातात द्यायची. शोधणारे कॉम्प्युटरला जितके झेपतील तितके, सगळे एकाच वेळी कामाला. त्यांना मी सांगितलं की अक्षराला अक्षर जुळवा, अर्थ लावत बसू नका. फाइलीत एकदा सापडलं की ती खाली ठेवा आणि पुढची घ्या.

तेवढ्यावरही माझं समाधान झालं नाही. फाइलींमध्ये कचरा फार होता. फोनवर बोलताना माणसं जे उगाच म्हणतात ते सगळं यंत्र इमानाने लिहून ठेवतं. हॅलो. हं. ओके. येस. हांजी. मी मूळ फाइलींना हात न लावता त्यांची एक प्रत केली आणि तिच्यातून हे सगळे शब्द चाळून टाकले. प्रत हलकी झाली, शोध आणखी वेगाने पळायला लागला.

मला फार बरं वाटलं. वेगाचं सुख वेगळंच असतं.

३

चंचल आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तिने चपला दाराबाहेर काढल्या, पडदा सारून आत आली आणि स्टुलाच्या अगदी कडेला बसली. दाराला आमच्याकडे दिवसभर नुसता पडदाच असतो.

"नाव कसं टाकू?" मी विचारलं. "वाल्मिक, वाल्मीक, वालमिक? यंत्र कसंही लिहितं. घरी तुम्ही कसं म्हणता?"

ती पदर तोंडाला लावून हसली. "माले काय इचारतस, ताई? मी तेस्नं नाव लेस का?"

"अहो, मला सांगा. दुसरं कुणी ऐकत नाहीये."

"जयना पप्पा."

"जयचे पप्पा कोर्टात चालत नाहीत."

"उखाण्यात घेतलं असशील ना एकदा तरी," रजनीताई म्हणाल्या. "तो उखाणा म्हण."

"तो याद नही आते. आनि जो होता ना, तेन्हामा बी तेस्ले हसू येल होतं."

मी तिन्ही तऱ्हेने नाव शोधलं. गुजराती वळणाचं 'वाल्मिकभाई' शोधलं. दुसऱ्या वाल्मिकांचे फोन निघाले, तिचा नाही. मग दोर शोधला. टाकी, गटर, गॅस, खड्डा. प्रत्येक वेळी चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत उत्तर. प्रत्येक उत्तर बिनकामाचं.

चंचल स्क्रीनकडे बघत होती. तिला वाचता येतं, पण अक्षरं पळत होती.

"तुमनं हाऊ यंत्र भलतं घाईनं शे," ती म्हणाली. "इतल्या घाईमा एखादं राही जास."

मला ते लागलं. मी म्हटलं, यंत्र काहीच सोडत नाही. आणि ते सिद्ध करायला मी स्क्रिप्टलाच विचारलं, किती फाइली वाचल्या आणि किती नाही. तेव्हा कळलं की काही फाइली तिने उघडल्याच नव्हत्या. कारण त्यांच्यात उघडायला काही नव्हतं. त्या रिकाम्या होत्या.

४

रिकाम्या फाइली असतातच. फोन लागतो आणि तुटतो, कुणी घाबरून ठेवतं. पण मग मूळ फाइलही रिकामी असायला हवी. मी एक काढून बघितली. ती रिकामी नव्हती. तिच्यात एक शब्द होता.

येस.

म्हणजे हिचं सगळं बोलणं माझ्या चाळणीतून गळून गेलं होतं. दुसरी काढली. येस. तिसरी. येस. ना आधी हॅलो, ना नंतर काही. मी सगळ्या रिकाम्या फाइली तारखेप्रमाणे लावायला सांगितल्या. स्क्रीनवर लांबलचक यादी सरकत गेली आणि सगळ्यात जुनी वर येऊन थांबली. ती वाल्मिक नाहीसा झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"काय झालं?" रजनीताईंनी विचारलं.

"कुणीतरी फोन करून नुसतं येस म्हणतंय. दिवाळीपासून."

"कोणी इंग्रजी झाडत असेल. चावट लोक कमी आहेत का? बायका फोन उचलतात म्हटलं की करतात."

मीही तेच म्हणत होते मनात. पण चंचल स्टुलावरून उठली होती.

"इंग्रजी कसानं, ताई? येस म्हंजे येस. आम्ही म्हनतस ना. मी येस. तुम्ही म्हनतस तसं, येतो."

अहिराणीत 'येतो'ला 'येस' म्हणतात. मघापासून ती माझ्यासमोर 'लेस', 'जास' करत होती आणि मला ऐकू आलं नव्हतं. मी तो शब्द इंग्रजी कचरा समजून झाडून टाकला होता.

मी पहिल्या फाइलीचा आवाज मागवला. तो उतरायला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात चंचलने स्टूल माझ्या खुर्चीला चिकटवलं.

आधी मोठी घरघर. कापड रंगवणाऱ्या जेट मशिनींची, मी ती ओळखते, ती ऐकली की दात शिवशिवतात. तिच्या खाली पाणी ठिबकत होतं, आणि ते ठिबकणं घुमत होतं, विहिरीत घुमतं तसं. मग एक पुरुषाचा आवाज, थकलेला, घाई नसलेला.

"येस."

चंचलने माझा खांदा धरला. तिची बोटं धाग्यांच्या कात्रीने खरखरीत झालेली आहेत, ती कापडातून टोचली.

"तेस्नाच शे," ती म्हणाली. "जित्ता शेतस. ताई, जित्ता शेतस ते."

५

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. माणूस जिवंत आहे, मिलने त्याला कुठेतरी दडवलंय, धमकावलंय, तो जमेल तेव्हा फोन करून एक शब्द बोलतो आणि ठेवतो. फोन ठेवताना आपण म्हणतोच की, येतो, ठेवतो. निरोपाचा शब्द. बिचाऱ्याला निरोपापुरताच वेळ मिळत असेल.

मी पुढचे आवाज मागवत गेले.

पुढच्या बऱ्याच फाइलींमध्ये तेच ठिबकणं होतं. मग ठिबकणं गेलं. घरघर जवळ आली, कानात बसली, मग पाठीमागे पडली. लोखंडी गेट रुळावर घासत सरकल्याचा आवाज. "येस." नंतर ट्रक. हजिरा रोडवरचे असावेत, तिथले ट्रक हॉर्नवरून हात काढत नाहीत. "येस." ट्रक कित्येक फाइली चालले. मग एक मोकळी जागा, वारा, आणि पुलाखाली असतो तसा वाहनांचा गडगडाट. मग सिटी बसमधली पुढचा थांबा सांगणारी ती रेकॉर्ड केलेली बाई, "हवे पछीनुं स्टेशन", आणि तिच्या वाक्याच्या मध्येच, तिला न थांबवता, "येस."

"बसने फिरतोय म्हणजे," मी म्हटलं. "म्हणजे मोकळा आहे. मग घरी का येत नाही?"

"तेस्ना श्वास आयकू नही येत," चंचल म्हणाली.

"लाइन खराब असेल."

"घोरतस ते. जागा असताबी नाकनं वाजस तेस्नं. आते काहीच नही."

मी आवाज वाढवला. बसची घंटी, कुणाचं तरी खोकणं, एका पोराचं रडणं, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. बोलणाऱ्याच्या नाकातोंडातून मात्र काही ऐकू येत नव्हतं. शब्द यायचा आणि त्याच्या अलीकडे पलीकडे काही नसायचं.

यंत्र गाळतं, मी स्वतःला समजावलं. श्वास हा गोंगाट समजून गाळतं. मी नाही का शब्द गाळला?

पुढच्या फाइलीत भाजीवाल्याची आरोळी होती. त्याच्या पुढच्या फाइलीत एम्ब्रॉयडरीची मशिनं. सुरतेत ती गल्लोगल्ली आहेत, त्यात काय? पण या आवाजात मशिनींच्या टकटकीबरोबर एक पंखाही होता. दर फेऱ्याला किरकिरून मग एकदा टक करणारा. मी मान वर केली. आमचा पंखा किरकिरला. टक झाला.

मी ती फाइल बंद केली. मला एकदम हसू आलं, कोरडं. आम्ही सगळे, खानदेशी असोत नाहीतर माझ्या घरच्यांसारखे अडाजणला राहणारे बँकेतले मराठी लोक, घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही. अशुभ वाटतं. 'येतो' म्हणतो. इतकी सवय झालीय की हा शब्द ऐकला की आपल्या मनात पाठ दिसते, जाणाऱ्या माणसाची. मिलच्या वॉचमनला दिसली. मला दिसली. त्या शब्दात दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

तो निरोप घेत नव्हता. तो मला सांगत होता.

"ताई," मी रजनीताईंना म्हटलं, "तो येतोय."

६

रजनीताईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांची दोन बोटं एकमेकांवर घासत होती.

"मयुरी, हे बंद कर."

"का?"

"कारण सोमवारी न्यायाधीशांपुढे हे ठेवलंस तर ते हसतील. मिलचा वकील आपल्याला भुताखेताची संस्था म्हणेल. मग पुढे खऱ्या केसमध्येही कोणी उभं करणार नाही."

"ही खोटी केस आहे?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणता? जिवंत माणूस मिलविरुद्ध बोलला की तो भडकवलेला असतो. घाबरून गप्प बसला की काही झालंच नव्हतं. नाहीसा झाला की काम सोडून गेला. आता हा एवढं अंतर कापून येतोय तर आपण म्हणायचं, तुझा श्वास ऐकू येत नाही, तुझी साक्ष चालणार नाही?"

"तू स्वतःचं ऐकतेयस का, काय बोलतेयस ते?"

ऐकत होते. मी काही शूर नाही. पण मला भीतीपेक्षा राग जास्त आला होता, आणि राग आला की मी कामाला लागते. मी रिकाम्या फाइलींचे नंबर एका गठ्ठ्यात बांधले आणि त्यांचे सगळे आवाज उतरवून घ्यायला लावले. संध्याकाळच्या आत जितके येतील तितके माझ्या हार्डडिस्कवर. पुसायचं असेल त्याने नंतर खुशाल पुसावं.

"चंचल, तू तरी सांग हिला," रजनीताई म्हणाल्या.

चंचल खिडकीशी उभी राहून खाली रस्त्याकडे बघत होती. "मी काय सांगू? माले त्या वॉचमननी सांगं, येतो म्हनीसन गया. मी म्हनं, बरं. मंग येतीनच ना." ती वळली. "येवाले इतला येळ लागना, इतलंच."

तेवढ्यात स्क्रीनवर फोल्डरमध्ये एक नवी फाइल दिसली.

हेल्पलाइनचा नंबर सकाळपासून बंद होता. मी टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला. लाइन मेलेली होती. रखडलेली फाइल असेल, मी म्हटलं, कालची, आत्ता पोचली. तारीख बघितली. आजची होती. वेळ आत्ताची. फाइल उघडली. एकच शब्द.

मी आवाज मागवला नाही. मागवायची गरज नव्हती. मशिनं, पंखा, आणि त्यात आमच्याच तिघींचं बोलणं असणार होतं.

"प्लग काढ," रजनीताई म्हणाल्या. त्या उठून भिंतीकडे गेल्याही.

मी त्यांच्या आणि बटणाच्या मध्ये उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या अंगावर आवाज चढवला. "हात लावू नका, ताई. उतरवणं चालू आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मागे सरून त्या खुर्चीत बसल्या आणि पर्स छातीशी धरली. निघून मात्र गेल्या नाहीत. ते मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

७

खालची मशिनं थांबली.

एकेक करून नाही. सगळी एकदम. वीज गेली म्हणावं तर आमचा पंखा फिरत होता. जमिनीची थरथर गेली आणि पायांना चुकल्यासारखं झालं, जिन्याची एखादी पायरी नसावी तसं. खाली कारागीर असतात, रेडिओ असतो, कुणीतरी ओरडायला हवं होतं. कुणी ओरडलं नाही.

रस्त्यावरची वाहतूक चालूच होती. उन्हाचा पट्टा पडद्यावर पडला होता. मी हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मला कितीतरी जणांनी विचारलं, अंधार होता का. नव्हता. मला पडद्याच्या विणीतले धागेसुद्धा दिसत होते.

जिन्यावर कुणीतरी चढत होतं. पाऊल पडायचं, मग थोडा वेळ काही नाही, मग पुढचं पाऊल. भिजलेलं कापड जड व्हावं तसं ते पाऊल जड होतं.

चंचलने डोक्यावरून पदर घेतला. आरशात बघून घ्यावा तसा नीट, दोन्ही कानांच्या मागे सारखा. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण आवाज रोजचाच होता.

"या," ती म्हणाली.

पडद्याच्या कडेला, चौकटीवर, बोटं आली. चार बोटं. मी तेवढंच बघितलं आणि मला तेवढं पुरलं. ती टोकापासून मुळापर्यंत गडद निळी होती, डाइंगच्या माणसांची असतात तशी, नखांच्या खाचांत रंग घट्ट बसलेला. पण कातडी पाण्यात फार दिवस राहिलेल्या कापडासारखी झाली होती, चुण्यांची, सैल, हाडावरून जरा सरकलेली. बोटांनी चौकट धरली ती टेकायला. माणूस दमून आल्यावर दाराशी धरतो तशी.

माझ्या मागे रजनीताईंनी श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडल्याचं मला ऐकू आलं नाही.

स्क्रीनवर नवी फाइल आली होती. तिच्यातला शब्द वेगळा होता. उनू. मला तो ठाऊक नव्हता. मी पडद्यावरची नजर न काढता चंचलला विचारलं, "उनू म्हणजे?"

"आलो," ती म्हणाली.

मग माझ्या मनातल्या सगळ्या शंका एकदम बोलायला लागल्या. ऊन लागलंय तुला. हा खालचाच कुणी कारागीर आहे. तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. पळ. मागच्या खिडकीतून छपरावर उतरता येतं. मी त्या सगळ्या ऐकल्या. त्यातली एकही मला पटली नाही असं नाही. पण मला मिलच्या वकिलाचा चेहरा दिसत होता, गेल्या तारखेला त्याने पेनाचं टोपण लावता लावता विचारलं होतं, ताई, टाकीत कुणी उतरलं होतं म्हणता, मग ज्याने पाहिलं असा एकतरी माणूस आणा.

मी रेकॉर्डर चालू केला. माझी खुर्ची ओढून दाराच्या समोर ठेवली. ओढताना तिचे पाय फरशीवर कर्कश वाजले आणि बोटं चौकटीवर जराशी घट्ट झाली, दचकल्यासारखी. त्यालाही भीती वाटत होती. ते बघून माझी थोडी कमी झाली.

"बसा," मी म्हटलं. माझा आवाज फाटला, मी पुन्हा म्हटलं. "आत या, बसा. त्या दिवशी सकाळपासून सांगा. कुणी उतरा म्हटलं, त्याचं नाव घ्या. घाई नाही. मी आहे इथे."

पडदा हलला नाही. बोटं चौकटीवरून सुटली आणि मागे वळली, जिन्याच्या दिशेने, तळवा वर करून. मागून येणाऱ्याला आपण हात करतो, या, इथेच आहे, तसा तो हात होता.

तेव्हा मला ऐकू आलं की जिन्यावरची पावलं थांबलेलीच नव्हती. ती खालपासून येत होती. एकामागे एक, तशीच जड, तशीच दमलेली, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. दोराशिवाय उतरवलेला तो एकटाच नव्हता.

आमच्या ऑफिसात खुर्च्या तीनच. मी कपाटामागची सतरंजी काढली, झटकली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरली.